एफ-८ दाबायलोय, घेईनाच!

तर झालं असं. २९ जुलै २०२३, शनिवार. आठवडाभर रात्रीचे कॉल करून करून वैतागलो होतो, त्यामुळे सकाळी दहाला उठून निवांत चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात गावाकडून फोन. केज तालुक्यातल्या आमच्या गावात माझा धाकटा चुलतभाऊ सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, आधारचे उद्योग, सगळं तिथेच.

"दादा, मघापासून एफ-८ दाबायलोय, घेईनाच. बाहेर पन्नास-साठ माणसं बसलीत."

ज्यांचं शेतीशी नातं फक्त हुरडा पार्टीपुरतं आहे त्यांच्यासाठी जरा सांगतो. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता (२०२५ मध्ये तो बंदही झाला). शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, बाकीचा हप्ता सरकारचा. अर्जाची मुदत ३१ जुलै. म्हणजे हातात शनिवार, रविवार, सोमवार. सोयाबीन, कापूस, तूर, ज्याचं जे असेल ते. आणि बीड जिल्ह्यात पीक विमा म्हणजे काय चीज आहे ते बीडकरांनाच विचारा. विमा कंपनीचा नफा-तोटा मर्यादित ठेवणारा तो '८०-११०' चा 'बीड पॅटर्न' २०२० च्या खरिपात आमच्याच जिल्ह्यात आधी राबवला गेला. तर अशा ठिकाणी, अशा तारखेला, केंद्रातलं एकुलतं एक चालू मशीन बसलं होतं. दर अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात, ते जाणारच होते. पण खरा प्रश्न बाहेर बसलेल्यांचा होता. मुदत गेली आणि पुढे पाऊस फिरला तर त्यांनी जायचं कोणाकडे?

झालं काय होतं, तर रात्री अपडेट चालू असताना लाईट गेली. सकाळी मशीन चालू केलं की कंपनीचा लोगो येतो, ठिपक्यांचं चक्र फिरतं आणि मग स्क्रीन काळा ठिक्कर. बाण नाही, काही नाही. पठ्ठ्या दर वेळी दहा-दहा मिनिटं वाट बघून मग मशीन बंद करत होता, आणि चालू करताना एफ-८ बडवत होता.

आणि मी काय सल्ला दिला माहितीये? "नीट दाब. लोगो यायच्या आधीपासून दाबत राहा."

पंधरा-सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाचा सल्ला! लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. कारण मीही एफ-८ शिकलो तो त्याच जिल्ह्यात. अंबाजोगाईला एमएस-सीआयटीचा क्लास लावला होता. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि थोड्याच दिवसांत सरकारी नोकरीला हे सर्टिफिकेट लागतं म्हणून गावोगाव क्लास निघाले. आमच्या क्लासमध्ये विंडोज ९८ ची मशीनं आणि भारनियमनाचा काळ. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईहून पंचवीस-तीस किलोमीटरवर, आणि तरी आमच्याकडे अंधार! (२०१३ च्या दुष्काळात तर पाणीच नाही म्हणून ते अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. असो.) लाईट गेली की दहा मशीनं एकदम बंद, आली की दहाही मशीनांवर निळ्या स्क्रीनवर स्कॅनडिस्क सुरू. तुम्ही मशीन नीट बंद केलं नाही म्हणून ते वर आपल्यालाच सुनावणार. आमच्या सरांचे दोन मंत्र होते. एक, बटण दाबून मशीन डायरेक्ट बंद करायचं नाही, कधीच नाही. दोन, मशीन चालू होताना अडकलं तर एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं.

हे दोन्ही मंत्र मी धाकट्याला शिकवले होते. त्या शनिवारी दोन्ही उलटे पडले. का ते समजायला थोडं मागे जावं लागेल. फोन होल्डवर आहे असं समजा.

कॉम्प्युटर चालू होणं ही तशी विचित्र गोष्ट आहे. प्रोग्राम मेमरीत चढवायला प्रोग्राम लागतो, मग पहिला प्रोग्राम चढवणार कोण? १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर हे काम माणूस करायचा. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून एकेक आकडा हाताने मेमरीत भरायचा. म्हणजे सुरुवातीला चालू होण्याच्या प्रत्येक पायरीवर माणूस हजर होता. पुढे हा पहिला प्रोग्राम एका चिपमध्ये कायमचा भरून टाकला आणि माणूस बाहेर पडला. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी बाजारात आला त्यात याच प्रोग्रामचं नाव होतं बायॉस.

हा पीसी फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे तयार झाला. तिथल्या टीममध्ये डेव्हिड ब्रॅडली नावाचा इंजिनिअर होता. काम करताना मशीन सारखं लटकायचं, आणि वीज बंद करून पुन्हा चालू केलं की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. त्याला कंटाळून त्याने एक चोरवाट काढली, कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. पण ही तिन्ही बटणं कीबोर्डच्या एकाच बाजूला. चुकून एका हाताने दाबली जायची आणि काम पाण्यात. म्हणून एस्केपच्या जागी पलीकडचं डिलीट घेतलं, म्हणजे दोन हात लागतील. ही सोय खरं तर फक्त इंजिनिअर लोकांसाठी होती, पण बाहेर पडली आणि जगभर झाली. मूळ योजनेत नसलेली वाट लोकांनी वापरून वापरून हमरस्ता केली, आपल्याकडे शेताच्या बांधावरून पडतो तसा.

आता इथे कीबोर्ड आणि मशीन यांचं नातं बघा. त्या जुन्या कीबोर्डची वायर सरळ मदरबोर्डच्या एका चिपकडे जायची. १९८४ च्या पीसी-एटीपासून ती चिप म्हणजे इंटेलची ८०४२. बटण दाबलं की कीबोर्ड स्वतःहून ओरडतो, प्रोसेसर हातातलं काम थांबवून ऐकतो. शेजारच्या भिंतीवरून हाक मारावी तसं. म्हणून मशीन चालू झाल्या क्षणापासून कीबोर्ड 'हजर' असायचा. १९८७ ला आयबीएमने पीएस/२ मशीनं आणली, त्यांच्याबरोबर तो छोटा गोल प्लग आला (पुढे जांभळा कीबोर्डला आणि हिरवा माउसला, आठवतोय?). पण ओरडण्याची पद्धत तीच राहिली.

पीसी-एटीबरोबर अजून एक गोष्ट आली. बॅटरीवर चालणारी छोटी मेमरी, ज्यात मशीनची सेटिंग राहतात. आयबीएमच्या मशीनवर ती बदलायला वेगळी फ्लॉपी घालावी लागायची. नक्कल करणाऱ्यांनी ते काम बायॉसमध्येच बसवलं आणि प्रत्येकाने आपल्या मनाने बटण निवडलं. एएमआय आणि अवॉर्डच्या बायॉसला डिलीट, कॉम्पॅकला एफ-१०, कुठे एफ-२, कुठे एफ-१. कोणी कोणाला विचारलं नाही. आज आपण नवा लॅपटॉप घेऊन सगळी फंक्शन बटणं पियानोसारखी वाजवतो ती या भाऊबंदकीमुळे.

आणि एफ-८? तो डॉसचा. १९९३ ला एमएस-डॉस ६ आलं, त्यात मशीन 'स्टार्टिंग एमएस-डॉस' असं लिहून साधारण दोन सेकंद थांबायचं. तेवढ्यात एफ-५ दाबलं की सुरुवातीच्या फाइली वगळून पुढे जाणार, एफ-८ दाबलं की एकेक ओळ विचारून विचारून चालवणार. विंडोज ९५ मध्ये हेच दोन सेकंद राहिले आणि एफ-८ ला सेफ मोडचा मेनू जोडला गेला. ते दोन सेकंद मला फार आवडतात. मशीन माणसासाठी थांबतंय, काही सांगायचं असेल तर सांग बाबा म्हणून. विंडोज ९८ मध्येच ती थांबणूक काढून टाकली, आणि त्याऐवजी आधीपासून कंट्रोल दाबून धरा अशी सोय दिली. तरी बायॉस आणि हार्ड डिस्क इतक्या संथ होत्या की एफ-८ बडवत बसलं तर कुठे ना कुठे लागायचंच. आमच्या सरांचा मंत्र चालत होता तो मशीनच्या आळसावर.

दरम्यान १९९६ ला यूएसबी आली आणि नात्याचा सगळा नूरच बदलला. यूएसबीवर कोणी स्वतःहून ओरडायचं नाही. मशीन आधी हजेरी घेतं. कोण आहे, काय काम करतोस, हा घे तुझा नंबर. असे जास्तीत जास्त १२७ जण एका वर्गात बसू शकतात. हजेरी झाल्यावरही कीबोर्डने गप्प बसायचं, आणि मशीन दर काही मिलिसेकंदांनी विचारेल तेव्हाच 'हे बटण दाबलंय' म्हणून सांगायचं. आता ही हजेरी घ्यायला शिकलेला प्रोग्राम लागतो. विंडोज चालू झाल्यावर तो असतोच, पण त्याच्या आधी? म्हणून बायॉसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' नावाचं सोंग आणलं. बायॉस गुपचूप यूएसबी कीबोर्डला विचारतो आणि पुढच्या प्रोग्रामला भासवतो की अजून तीच जुनी ८०४२ चिप बोलतेय. मेलेल्या आजोबांच्या नावावर सातबारा चालू असतो ना, अगदी तसं :)

हे सोंग बंद असेल, किंवा हजेरी घ्यायला वेळच दिला नसेल, तर चालू होताना कीबोर्ड मुका. तुम्ही काहीही दाबा.

आणि वेळ कमी कमी होत गेला. बायॉसच्या जागी यूईएफआय आलं (त्याची संस्था २००५ मधली), हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. २०१२ ला विंडोज ८ येत होतं तेव्हा मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअर लोकांनी आपली अडचण जाहीरपणे मांडली होती. अडचण काय, तर मशीन फारच लवकर चालू होतंय! बटण दाबायला मिळणारी खिडकी २०० मिलिसेकंदांच्याही आत आली होती. ऑफिसात भराभर बटण दाबणारे पटाईत लोक गोळा करून बघितले तर त्यांच्या दोन टिचक्यांमधलं अंतर २५० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे जिवाच्या आकांताने बडवलं तरी नशिबाचा खेळ. मग त्यांनी ठरवलं की चालू होताना बटण दाबायचा प्रकारच नको. विंडोज नीट चालू असेल तर आतूनच शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, आणि बिघडलं असेल तर मशीन स्वतः ओळखून दुरुस्तीचा मेनू दाखवेल. एफ-८ मुळातून काढला नाही, नुसता बंद करून ठेवला.

निर्णय चुकीचा होता का? मला नाही वाटत. दर वेळी दोन सेकंद थांबायचं ते हजारात एकदा लागणाऱ्या बटणासाठी, हा हिशोब कोणताही इंजिनिअर फेटाळेल, मीही फेटाळला असता. फक्त ज्याने हे एकच बटण शिकून घेतलंय त्याला ते बंद झाल्याचं कोणी कळवलं नाही, एवढंच. स्क्रीनवर कुठेही 'एफ-८ आता चालत नाही' असं येत नाही. तो दाबत राहतो, आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

बरं, फोनकडे येऊ. तोवर इकडे माझी पेटली होती.

"अरे, चालू करताना नम लॉक दाब. दिवा लागतो का बघ."

"नाही लागत."

"मग मशीनला तुझा कीबोर्ड दिसतच नाहीये. वायर कुठे लावलीये?"

इथे उलगडा झाला. सेवा केंद्राच्या मशीनला काय काय लागतं बघा. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, शिवाय गिऱ्हाईकाचा मोबाईल चार्जिंगला. पोर्ट पुरत नाहीत म्हणून त्याने एक हब आणलं होतं आणि कीबोर्डही त्या हबमध्येच. वर कोणीतरी एसएसडी बसवून देताना सेटिंगमध्ये फास्ट बूट चालू करून ठेवलेलं. म्हणजे हजेरी आधीच घाईघाईत, त्यात आमचा विद्यार्थी शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे.

"हब काढ. कीबोर्ड सरळ मशीनच्या मागे लाव, निळ्या पोर्टमध्ये नको, काळ्यात लाव." (निळा म्हणजे यूएसबी ३. काही मशीनांवर चालू होताना तो काळ्यानंतर जागा होतो.)

बंद, चालू. "दादा, दिवा लागला!" मागून कोणीतरी "लागला, लागला" म्हणाल्याचंही ऐकू आलं. बहुतेक त्यांना लाईन लागली असं वाटलं असावं. डिलीट दाबून सेटिंगचा पडदा उघडला, फास्ट बूट बंद केलं. आता एफ-८ ही चालेल म्हणून धाकट्याने मोठ्या उत्साहाने बडवला.. आणि काहीच नाही. कारण कीबोर्ड जिवंत झाला तरी पलीकडे ऐकणारा २०१२ पासून झोपवलेला.

मग राहिला एकच रस्ता. मशीन स्वतःहून दुरुस्तीचा मेनू दाखवेल म्हणतात, तो दिसला का नाही? आठवा, पठ्ठ्या दर वेळी दहा मिनिटं वाट बघत होता. विंडोजच्या मते ते व्यवस्थित चालू झालेलं होतं, फक्त चित्र येत नव्हतं! चालू होणं अर्ध्यात तुटलं, तेही लागोपाठ, तरच त्याला संशय येतो. म्हणजे त्याला जागं करायला एकच उपाय, लोगो येऊन ठिपके फिरायला लागले की बटण दाबून धरायचं आणि मशीन डायरेक्ट बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा.

हे त्याला सांगितलं तर पलीकडे शांतता.

"दादा, डायरेक्ट बंद करू? तूच तर म्हनला व्हतास कधी करायचं नाही म्हणून."

म्हटलं होतं खरं. आमच्या सरांनी मला, मी त्याला. त्या शिस्तीपायीच तर बिचारा सकाळपासून दहा-दहा मिनिटं थांबत होता. आळशी आणि बेशिस्त माणूस असता, चिडून दोन-चारदा बटण मारलं असतं, तर मला फोन करायची वेळच आली नसती.

"कर. मी सांगतो ना, कर."

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चालू केलं आणि लोगोखाली दुरुस्तीची तयारी चालल्याची ओळ आली, मग निळा मेनू. तिथून ट्रबलशूट, पुढचे पर्याय, स्टार्टअप सेटिंग, रिस्टार्ट, आणि आकड्यांची यादी. सेफ मोडला ४. (त्या यादीत एफ-८ सुद्धा आहे बरं का, पण त्याला आता भलतंच काम दिलंय. चालू होताना व्हायरसविरोधी संरक्षण सुरू होतं ते बंद करायचं.) सेफ मोडमध्ये स्क्रीन आला. अर्धवट बसलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढला, रिस्टार्ट केलं, आणि पावणेबाराला पहिला सातबारा स्कॅन झाला. माझा चहा केव्हाच गार झाला होता.

त्या रात्री केंद्र दोनपर्यंत चालू होतं. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण शनिवारी हे कोणालाच माहीत नव्हतं.

रविवारी त्याला ब्लॅक स्क्रीनवरची ती एका ओळीची कमांड लिहून पाठवली. 'बूट मेनू पॉलिसी'च्या पुढे 'लेगसी' असं लिहायचं, की झोपवलेला एफ-८ पुन्हा उठतो. त्याने चालवून बघितली. दोन तासांनी फोन आला, "दादा, एफ-८ घ्यायलंय आता." आवाजात असा आनंद की जुना सालगडी परत कामावर आलाय.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा केंद्रात डोकावलो. कीबोर्डची वायर मागच्या काळ्या पोर्टला, आणि त्या पोर्टवर लाल चिकटपट्टी, कोणी काढू नये म्हणून. भिंतीवर झेरॉक्सच्या दरपत्रकाखाली त्याच्या हाताने स्केचपेनने लिहिलेला कागद होता, 'लोगो आल्यावर बटण धरून बंद, तीन वेळा. मग ४'. त्याच्या बाजूच्या खुर्चीत कामाला ठेवलेला नवा पोरगा बसला होता. त्याला विचारलं, "हे तीन वेळा कशाला रे?"

"काय की," तो म्हणाला. "दादानं सांगितलंय."